चित्र एक, ठसे अनेक

इ.स.पू. ३७५च्या सुमारास अथेन्समध्ये निकोफोन नावाच्या नागरिकाने मांडलेला एक कायदा संमत झाला. तो कोरलेली संगमरवरी शिळा १९७० साली अगोराच्या, म्हणजे शहराच्या जुन्या बाजारचौकाच्या उत्खननात मिळाली आणि चार वर्षांनी रोनाल्ड स्ट्राउड यांनी तिचे वाचन प्रसिद्ध केले. कायदा चांदीच्या नाण्यांच्या पारखीविषयी आहे. सरकारी मालकीचा एक गुलाम सराफांच्या मेजांपाशी बसेल, लोकांनी आणलेली नाणी तपासेल आणि आत तांबे किंवा शिसे निघाले तर नाण्यावर तिथल्या तिथे आडवा घाव घालील. असे नाणे देवमातेच्या नावे जमा होईल. पारखी आपल्या जागी बसला नाही तर त्याला पन्नास फटके. त्याने खरे ठरवलेले नाणे घ्यायला नकार देणाऱ्या विक्रेत्याचा त्या दिवशीचा माल जप्त. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोलाचे कलम वेगळेच आहे. अथेन्ससारखीच छाप असलेले परक्या ठिकाणचे नाणे चांदीला चोख असेल, तर ते आणणाऱ्याला परत द्यावे, असे ते सांगते. म्हणजे ही नाणी चलनात असताना, ती जिथे पाडली जात त्याच शहराच्या बाजारात, रोज ती हाताळणाऱ्यांनाही नुसती छाप पाहून निवाडा करता येत नव्हता. तेव्हा अडीच हजार वर्षांनी पुस्तकातले चित्र आणि हातातले नाणे शेजारी ठेवून ‘जुळले’ म्हणणे फारच घाईचे होईल. या प्रकरणात माझे म्हणणे एवढेच आहे: चित्रावरून ग्रीक नाण्याचा प्रकार कळतो, नाण्याची ओळख पटते ती ज्या ठशाखाली ते पाडले गेले त्या ठशावरून, आणि तो ठसा ओळखीचा होतो तो त्याच ठशाच्या इतर नाण्यांमुळे. संग्राहकाचे संशोधन म्हणजे आपल्या नाण्याचे हे भाऊबंद शोधणे.

अथेन्सचे घुबड हेच उदाहरण पुढे चालवू. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना. दुसऱ्या बाजूला चौकोनी खळग्यात उभे घुबड, मान वळवून समोर पाहणारे. त्याच्या मागच्या कोपऱ्यात ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर, पुढे नगराच्या नावाची पहिली तीन अक्षरे: आल्फा, थीटा, एप्सिलॉन. वजन सुमारे १७.२ ग्रॅम, म्हणजे चार द्राख्मा (द्राख्मा हे ग्रीक वजनाचे आणि नाण्याचे एकक). हे नाणे इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीपासून पाडले जाऊ लागले. अथेन्सच्या लॉरिऑन येथील खाणींत इ.स.पू. ४८३च्या सुमारास चांदीचा मोठा साठा लागला. अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लिस याच्या आग्रहाने त्या पैशातून लढाऊ जहाजे बांधली गेली आणि इ.स.पू. ४८०मध्ये सालामिसला इराणी आरमार हरले. इ.स.पू. ४५४मध्ये अथेन्सच्या नेतृत्वाखालील डेलॉसच्या संघाची तिजोरी अथेन्सला आल्यावर तर घुबडे प्रचंड संख्येने निघू लागली आणि इजिप्तपासून सीरियापर्यंत पोचली. परदेशातला व्यापारी चित्रावर विश्वास ठेवून नाणे घेई, म्हणून अथेन्सने ते चित्र शक्यतो बदललेच नाही. ज्या काळात ग्रीक शिल्पकला झपाट्याने पुढे गेली त्याच काळात नाण्यावरच्या अथीनेचा डोळा जुन्या पद्धतीने, चेहरा बाजूने असताना समोरून दिसावा तसा बदामी कोरला जात राहिला. चित्र गोठवणे हे नगराचे जाणूनबुजून ठरलेले धोरण होते, आणि ते लक्षात घेतल्याशिवाय चित्रावरून काळ ठरवायला जाणे म्हणजे अथेन्सने जे मुद्दाम झाकले तेच पुरावा म्हणून वाचणे.

यावर जाणकारांचा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. गोठलेल्या चित्रातही बारीक फरक आहेतच की. इराणी युद्धांनंतर अथीनेच्या शिरस्त्राणावर ऑलिव्हची पाने आली, घुबडामागे चंद्रकोर आली; इ.स.पू. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला डोळा बाजूने दिसावा तसा कोरू लागले. त्याच शतकाच्या मध्यानंतर शिरस्त्राणावरच्या वेलबुट्टीला ‘पाय’ या ग्रीक अक्षरासारखा आकार आला. सरावलेल्या डोळ्याला हे टप्पे चटकन दिसतात, मग ठशांच्या मागे लागायचे कशाला? हे टप्पे खरे आहेत आणि संग्राहकाने ते पाठच करावेत. पण ते अथेन्सच्या टांकसाळीचे टप्पे आहेत, घुबड छापलेल्या प्रत्येक नाण्याचे नव्हेत. इजिप्तमध्ये भाडोत्री ग्रीक सैनिकांना पगार द्यायला घुबडे लागत. ती तिथेच पाडली गेली, आणि अथेन्सच्या धर्तीच्या नाण्याचा एक ठसाही इजिप्तमध्ये सापडला आहे. इराणचा सम्राट तिसरा अर्तझर्क्सीझ याने इ.स.पू. ३४३च्या सुमारास इजिप्त पुन्हा जिंकल्यावर पाडलेल्या घुबडांवर अथेन्सच्या अक्षरांच्या जागी इजिप्तच्या डेमॉटिक लिपीत त्याचे नाव आहे. तिथे नावामुळे सुटका होते. ज्या नकलांवर अथेन्सचीच अक्षरे आहेत तिथे काय करायचे? टी. व्ही. बट्री यांनी अशा नकलांचे गट पाडले ते ठशांची सांगड घालून. नुसत्या शैलीवर गेलो तर एखादे ओबडधोबड नाणे ‘नक्कल’ आणि सुबक नाणे ‘अस्सल’ असे आपण ठरवून टाकतो. अथेन्समध्ये घाईच्या काळात वाईट हाताचे कोरणारेही कामाला होते आणि परदेशी टांकसाळीत चांगल्या हाताचेही, ही शक्यता मनातच येत नाही.

दुसरा भरवसा वजनाचा आणि धातूचा. वजन हा ओळखीचा पहिला दरवाजा आहे यात वाद नाही. प्रत्येक नगराचे माप वेगळे: एजिना बेटाचा कासवछाप स्टेटर (म्हणजे तिथले मुख्य नाणे) सुमारे १२.२ ग्रॅमचा, करिंथचा पंखवाल्या घोड्याचा स्टेटर सुमारे ८.६ ग्रॅमचा, आणि गंमत अशी की हे ८.६ ग्रॅम अथेन्सच्या हिशेबात दोन द्राख्मा होतात, तर करिंथच्या हिशेबात तीन. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा साधा डिजिटल काटा संग्राहकाच्या टेबलावर नसेल तर बाकीच्या पुस्तकांचा उपयोग नाही. तरीही वजन दरवाजापर्यंतच नेते. करिंथच्या वसाहतींनी तोच घोडा, तेच वजन उचलले. घोड्याच्या पोटाखाली ‘कोप्पा’ अक्षर असेल तर करिंथ, ‘लाम्डा’ असेल तर लेउकास, ‘आल्फा’ असेल तर अंब्राकिया. अक्षर झिजले किंवा नाण्याच्या काठाबाहेर गेले की वजनही मुके आणि चित्रही मुके. अशा वेळी त्याच ठशाचे, पण अक्षर शाबूत असलेले दुसरे नाणे सापडले तर एका क्षणात निकाल लागतो. धातूचेही तसेच. चांदीची घनता १०.५च्या आसपास, पाण्यात तोलून ती काढली की तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेले नाणे बहुधा उघडे पडते. क्ष-किरणांचे यंत्र मुख्यतः पृष्ठभागच वाचते, म्हणून पत्रा जाड असेल तर ते फसू शकते. आणि समजा चांदी अगदी चोख निघाली, तरी पुढचा प्रश्न उरतोच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर याने स्वतः ठसे कोरून ग्रीक-रोमन नाणी पाडली, आणि त्यासाठी तो झिजलेली खरी प्राचीन नाणी वापरत असे असे सांगितले जाते. धातू प्राचीन, वजन जवळपास बरोबर, नाणे खोटे. त्याचे ठसे आज बर्लिनच्या संग्रहालयात आहेत आणि त्याची नाणी ओळखली जातात ती त्या ठशांवरून.

ठसा म्हणजे नेमके काय आणि तो पाहायचा कसा, हे इथे नीट समजून घ्यायला हवे, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. ग्रीक टांकसाळीत खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला असे. त्यावर तापवलेली चांदीची चकती ठेवत, वरून दुसरा ठसा हातात धरत आणि हातोड्याने घाव घालत. प्रत्येक ठसा हाताने कोरलेला, त्यामुळे दोन ठसे कधीही तंतोतंत सारखे नसत. वरचा ठसा घाव थेट सोसतो म्हणून लवकर फुटे. खालचा ऐरणीच्या आधाराने जास्त टिके. परिणामी एकाच अथीनेच्या ठशाबरोबर घुबडाचे अनेक ठसे वापरले गेले, आणि अथीनेचा ठसा निकामी झाला तेव्हा हातात असलेला घुबडाचा ठसा नव्या अथीनेबरोबर पुढे चालला. या साखळीतून नाण्यांचा क्रम लागतो. तुलना करताना झीज पाहू नये, चकतीचा आकार पाहू नये, रंग तर मुळीच पाहू नये. हे सगळे एका नाण्यापुरते असते. पाहायची ती अंतरे आणि कोन. घुबडाच्या चोचीच्या टोकापासून सरळ रेषा काढली तर ती थीटाच्या मधून जाते की कडेवरून? ऑलिव्हच्या खालच्या पानाचे टोक घुबडाच्या डोक्याच्या वर संपते की खाली? अथीनेच्या कानातल्या गोल कुडीपासून मानेच्या कापापर्यंत किती जागा आहे, आणि त्या जागेत केसांच्या किती बटा बसल्या आहेत? अशी पाचसहा मोजमापे दोन नाण्यांवर जुळली की ठसा एक. एकही ठामपणे चुकले की ठसा वेगळा, मग चित्र कितीही सारखे वाटो. ठशाला तडा गेला असेल तर तो नाण्यावर बारीक उंचवट्याच्या रेषेसारखा उमटतो, आणि ती रेषा नाण्यागणिक लांबत गेली तर कोणते आधी पडले आणि कोणते नंतर, हेही कळते. फ्रीडरिश इम्होफ-ब्लूमर यांनी ठिकठिकाणच्या नाण्यांचे प्लास्टरचे साचे जमवून अशा तुलनेची वाट तयार केली, आणि कुर्ट रेगलिंग यांनी १९०६मध्ये दक्षिण इटलीतल्या टेरिना या नगराची नाणी ठशाठशाने मांडून दाखवली. ग्रीक नाण्यांच्या अभ्यासातला हा कायमचा पाया ठरला.

ठशांच्या साक्षीचे एक ठळक रूप म्हणजे जुन्या नाण्यावर नवा ठसा मारलेले नाणे. खालचे चित्र पुसट उरते आणि आधीचे कोण, नंतरचे कोण हा प्रश्नच राहत नाही. दक्षिण इटलीतल्या मेटापोन्टमने करिंथच्या घोड्यावर आपले जवाचे कणीस उमटवले. महाराष्ट्रातल्या वाचकाला याचे एक मोठे उदाहरण घराजवळ आहे: १९०६मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा निधी, म्हणजे एकत्र ठेवलेला साठा, सापडला, त्यात क्षत्रप नहपानाची नाणी होती आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे ठोकलेली होती. नहपानाच्या नाण्यांच्या दर्शनी बाजूला राजाच्या चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरांत त्याचे नाव आहे. हा भारत-ग्रीक द्राख्मांचा वारसा. ‘पेरिप्लस’ या प्राचीन सागरी मार्गदर्शिकेचा ग्रीक लेखकही नोंदवतो की बॅरिगाझात, म्हणजे भडोचला, अपोलोडोटस आणि मिनँडर यांची जुनी द्राख्मा नाणी त्याच्या काळी चालत होती.

आता दुसरा मोठा आक्षेप. ठशांवरून क्रम कळतो, वर्ष कळत नाही. हे शंभर टक्के खरे आहे, आणि त्याचा सर्वांत बोधक पुरावा अथेन्सच्याच उत्तरकाळातल्या नाण्यांत आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात अथेन्सने नव्या धाटणीची घुबडे काढली: घुबड आडव्या पडलेल्या सुरईवर उभे, भोवती ऑलिव्हची माळ, बाजूला अधिकाऱ्यांची नावे, सुरईवर महिन्याचे अक्षर. मार्गारेट थॉम्पसन यांनी ही नाणी ठशांनुसार मांडून १९६१मध्ये मोठा ग्रंथ काढला आणि मालिकेचा आरंभ इ.स.पू. १९६च्या सुमारास धरला. पुढच्याच वर्षी डी. एम. लुईस यांनी आक्षेप घेतला: सगळी मालिका सुमारे तीस वर्षांनी अलीकडे आणली पाहिजे. वादाचे केंद्र एक नाणे होते, ‘राजा मिथ्रडाटीझ’ आणि अरिस्टिऑन अशी नावे असलेले. थॉम्पसन यांच्या मांडणीत ते इ.स.पू. १२१च्या आसपास पडत होते. लुईस यांचे म्हणणे असे की पॉन्टसचा राजा सहावा मिथ्रडाटीझ आणि अथेन्सचा तत्कालीन सत्ताधीश अरिस्टिऑन यांचा अथेन्सशी असा संबंध आला तो रोमन सेनापती सुल्लाने इ.स.पू. ८६मध्ये शहर जिंकण्याच्या आदल्या काळात, नाणे इ.स.पू. ८७-८६चेच असले पाहिजे. इतर निधींच्या पुराव्याने लुईस यांची बाजू भक्कम होत गेली आणि आज तीच मान्य आहे. यातून ठशांची पद्धत खोटी ठरली असे काही जण म्हणतात. मला उलट वाटते. ठशांनी लावलेली रांग मुख्यतः टिकली, म्हणूनच ती अखंड उचलून तीस वर्षे पुढे सरकवता आली. रांग नसती तर एका नाण्याचे वर्ष बदलल्याने एकच नाणे हलले असते. वर्ष बाहेरून यावे लागते, इतिहासातून आणि निधींतून. पण ते वर्ष कोणत्या नाण्यांना लागू पडेल हे ठसेच ठरवतात.

तिसरा आक्षेप बाजारातून येतो: ठसे जुळणे हाच जर पुरावा, तर बनावट करणाराही ठसा जुळवील. तो जुळवतोच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अथेन्समध्ये क्रिस्टोडुलोस नावाच्या माणसाने शेकडो ठसे बनवले, इ. न. स्वोरोनोस यांनी १९२२मध्ये ते प्रसिद्ध केल्यावर त्याच्या कामाचा पसारा कळला. १९८८च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या अपोलोनिया आणि मेसेम्ब्रिया या नगरांची छोटी चांदीची नाणी मोठ्या संख्येने बाजारात आली. ती खरी मानणारे जाणकारही होते, शेवटी ती आधुनिक ठशांची ठरली. इथे नियम स्पष्ट सांगावा लागतो. एकाच वेळी, एकाच वाटेने आलेली नाणी आपापसांत ठशाने जुळली तर त्यातून ती एका कारखान्यातली आहेत एवढेच सिद्ध होते. तो कारखाना कोणत्या शतकातला, हे नाही. साक्ष बाहेरच्याची लागते: शंभर वर्षांपूर्वी छापलेल्या यादीतले नाणे, पुरातत्त्वज्ञांनी नोंदवलेल्या निधीतले नाणे, जुन्या संग्रहालयातले नाणे. आणि तिथेही दोन नाण्यांवर ठसाच नव्हे, तर ओरखडा, चकतीची चीर, घाव बसताना चकती सरकल्याची खूणही तीच दिसली तर धोका ओळखावा. ओरखडा ठशात नसतो, तो एका नाण्याच्या आयुष्यात येतो, आणि दोन नाण्यांवर तोच दिसला तर किमान एक दुसऱ्यावरून ओतलेले किंवा त्यावरून काढलेल्या ठशाचे आहे.

राहिला तो सर्वांत गंभीर आक्षेप, आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. नाण्याची सोबत हीच जर त्याची ओळख, तर निधी फोडून एकेक नाणे विकणारा बाजार ती ओळखच नष्ट करतो आणि संग्राहक त्या बाजारावर पैसे लावतो. १९८४मध्ये तुर्कस्तानातल्या एल्मालीजवळ सुमारे १,९०० चांदीच्या नाण्यांचा निधी चोरून उकरला गेला. त्यात अथेन्सच्या दहा द्राख्मांच्या, सुमारे ४३ ग्रॅम वजनाच्या नाण्यांच्या डझनाहून अधिक प्रती होत्या. तोवर जगभरात ती मोजकीच माहीत होती. निधी परदेशात विखुरला आणि दीर्घ कायदेशीर झगड्यानंतर १९९९मध्ये त्याचा मोठा भाग तुर्कस्तानला परत मिळाला. काही नाण्यांची सोबत मात्र कायमची तुटली. माझ्या मते प्रामाणिक संग्राहकाने इथे वाद घालू नये. सांस्कृतिक वस्तूंच्या अवैध व्यापाराविरुद्धच्या १९७०च्या युनेस्को करारापूर्वीचा किंवा कायदेशीर वाटेचा लेखी माग नसलेले नाणे घेऊच नये. भारतात तर १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. माग विचारणे हा नुसता कायद्याचा भाग नव्हे, तो ओळखीचाच भाग आहे. १९२०च्या लिलावाच्या यादीत छायाचित्रासह आलेले नाणे १९८८च्या कारखान्यातले असूच शकत नाही.

हे सगळे हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरचे, असे म्हणण्याचे दिवस गेले. १९३१पासून निघत आलेली ‘सिलोगे नुमोरम ग्रेकोरम’ ही मालिका संग्रहामागून संग्रह छायाचित्रांसह छापते. १९७३च्या निधीसूचीत २,३८७ ग्रीक निधींची नोंद आहे. अलेक्झांडरच्या नावाने निघालेल्या नाण्यांसाठी मार्टिन प्राइस यांचा १९९१चा ग्रंथ आहे, आणि नगरानगराच्या ओळखीसाठी बार्कले हेड यांचा १९११चा ‘हिस्टोरिया नुमोरम’ अजून उघडावा लागतो. बरेच साहित्य, संग्रहालयांची छायाचित्रे धरून, आता घरबसल्या पाहता येते. खरी अडचण नेमकी सर्वांत सहज मिळणाऱ्या नाण्यापाशी येते. चेस्टर स्टार यांनी १९७०मध्ये अथेन्सची इ.स.पू. ४८० ते ४४९ची नाणी गटवार लावली आणि तिथेच थांबले. त्यापुढच्या अर्धशतकातल्या घुबडांना इतके ठसे लागले की हाती आलेल्या दोन नाण्यांचा ठसा एक निघणे विरळाच. अशा नाण्यासाठी विक्रेत्याच्या पट्टीवर दहा वर्षांच्या टप्प्यापर्यंत काळ लिहिलेला दिसला तर तो शैलीवरून काढलेला अंदाज समजावा. आपल्या पाकिटावर ‘अथेन्स, चार द्राख्मा, इ.स.पू. ४५४ ते ४०४, ठसा अजून न जुळलेला’ एवढेच लिहावे. त्याखाली वजन दोन दशांश स्थळांपर्यंत, दोन्ही बाजूंच्या चित्रांची एकमेकांशी असलेली दिशा, कोणाकडून आणि केव्हा घेतले ते, आणि त्याआधी ते कोणाकडे होते त्याचा मिळेल तेवढा माग. सरळ वरून, एकाच प्रकाशात काढलेली दोन्ही बाजूंची छायाचित्रे सोबत असली की उद्या कोणाच्याही हातातले दुसरे घुबड त्याच ठशाचे निघाले तर ते या नाण्याशी ताडून पाहता येईल.